दाताच्या उपचाराची धास्ती: भूल घ्यावी का, आणि कोणती?

पत्र: मी ४१ वर्षांची आहे. लहानपणी माझी दाढ काढताना दोघांनी मला खुर्चीत दाबून धरलं होतं. इंजेक्शन देऊनही दुखत होतं, मी ओरडत होते आणि डॉक्टर ‘आता दुखूच शकत नाही’ म्हणत काढत राहिले. तेव्हापासून मी दातांचा दवाखाना टाळत आले. गेल्या महिन्यात खालची दाढ सुजली, रात्रभर ठणका. औषधांनी सूज उतरली, पण एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले की एका दाढेचं रूट कॅनाल करावं लागेल आणि शेजारची काढावी लागेल. वेळ घेतली आणि गेलेच नाही. खुर्ची मागे झुकली की छाती धडधडते. तोंडात नुसता आरसा घातला तरी उमासे येतात. एवढ्या वयाच्या बाईने हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मला पूर्ण भूल देऊन सगळं एकदाच उरकता येईल का? की आईच्या झोपेच्या गोळ्या घरात आहेत, त्यातल्या दोन घेऊन जाऊ? थायरॉइडची गोळी रोज चालू आहे, वजन जास्त आहे, आणि मी रात्री फार घोरते असं घरचे म्हणतात. बाकी तब्येत बरी आहे.
– नाव छापू नये

उत्तर:

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी त्या गोळ्यांचं बोलते. त्या घेऊन जाऊ नका. एकही नको. आईच्या वयाला, वजनाला आणि तिच्या बाकीच्या औषधांना बघून कुणीतरी तो डोस ठरवलेला आहे. तुमच्या पोटात तीच गोळी कधी चढेल, किती चढेल आणि किती वेळ राहील हे कुणालाच सांगता येणार नाही. त्यात डॉक्टरांना तुम्ही काही घेतलंय याचा पत्ता नसेल आणि त्यांनी वर आणखी काही दिलं, तर दोन्हींची बेरीज थेट श्वासावर येते. ट्रॅमाडॉलसारखं वेदनाशामक, झोप आणणारी ॲलर्जीची गोळी किंवा मद्य यांच्याबरोबर तर ही बेरीज आणखी धोक्याची. तुमच्या पत्रातल्या घोरण्याच्या ओळीमुळे मला याची जास्तच काळजी वाटते. तिच्याकडे पुढे येते.

आता लाजेबद्दल. तुम्हाला दाबून धरलं होतं, दुखतंय म्हणून तुम्ही ओरडत होतात आणि तुमचं ऐकलं गेलं नाही. अशा अनुभवानंतर खुर्चीत बसल्यावर छाती धडधडली नसती तरच नवल. वयाचा याच्याशी काही संबंध नाही. दातांच्या डॉक्टरांना ही भीती नवीनही नाही. शस्त्रक्रियेत भूल रूढ होण्यात दंतवैद्यांचाच मोठा हात होता. १८४४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. दोन वर्षांनी, १८४६ मध्ये, बोस्टनच्या रुग्णालयात ईथरची भूल सगळ्यांसमोर देऊन दाखवणारा विल्यम मॉर्टनही दंतवैद्यच होता. माणसं दाताच्या दुखण्याला भितात हे या व्यवसायाला तेव्हापासून ठाऊक आहे.

आणि एक गोष्ट तुम्हाला कुणीतरी फार पूर्वीच सांगायला हवी होती: इंजेक्शननंतरही दुखलं असं तुम्ही म्हणता ते अगदी शक्य आहे. दाढेच्या मुळाशी पू किंवा जोराची सूज असते तेव्हा तिथलं आम्ल वाढतं आणि लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध नसेच्या आत नीट शिरत नाही. खालच्या दाढांना तर हे जास्तच लागू पडतं. तिथे जबड्यात मागच्या बाजूला, नस हाडात शिरते त्या जागेजवळ औषध सोडावं लागतं. ती जागा माणसागणिक थोडी इकडेतिकडे असते, हाडही जाड असतं. ओठ बधिर झालेला असतो आणि दाढ मात्र जागी असते. अशा वेळी करण्यासारखं बरंच असतं. थांबून पुन्हा बधिर करता येतं, दाताच्या आणि हाडाच्या मधल्या फटीत औषध देता येतं, आर्टिकेनसारखं दुसरं औषध शेजारी सोडता येतं. सूज फार असेल तर आधी पू काढून दाढ शांत करायची आणि पुढचं काम नंतर घ्यायचं. चालत असेल त्याला तासभर आधी आयब्युप्रोफेन दिलं तरी बधिरपणा चांगला चढतो, मात्र ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. हे सगळं मी सविस्तर सांगतेय कारण तुमच्या भीतीचं मूळ इथे आहे असं मला वाटतं. नव्या डॉक्टरांनी काम सुरू करण्याआधी दाढ खरंच बधिर झाली का हे गार बोळा लावून तपासावं, अशी अट तुम्ही घालू शकता. चांगला डॉक्टर ती आनंदाने मान्य करेल.

त्याच इंजेक्शनची आणखी एक बाजू. त्यात बहुधा थोडं ॲड्रेनालिन असतं, औषध तिथेच टिकावं आणि रक्त कमी यावं म्हणून. त्याने काही जणांना मिनिट-दोन मिनिटं छातीत धडधडतं, हात थरथरतात. घाबरलेल्या माणसाला वाटतं, संपलं, मला काहीतरी होतंय. ते ओसरतं. आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही. कमी ॲड्रेनालिनचं किंवा बिनॲड्रेनालिनचं औषधही मिळतं, आणि इंजेक्शन सावकाश दिलं की हा त्रास बराच कमी होतो. थायरॉइडची गोळी कशासाठी चालू आहे, कमी असल्यामुळे की वाढल्यामुळे, हेही डॉक्टरांना जरूर सांगा. वाढलेला आणि आटोक्यात नसलेला थायरॉइड असेल तर ॲड्रेनालिन जपून वापरावं लागतं.

आता भूल कोणती, या तुमच्या प्रश्नाकडे येते. त्याचं उत्तर द्यायच्या आधी तुम्ही नेमकं कशाला भिता हे ठरवायला हवं, कारण सुईची भीती, ड्रिलच्या आवाजाची भीती, उमाशांची भीती आणि ‘माझं कुणी ऐकणार नाही’ ही भीती, या सगळ्यांवर एकच उपाय चालत नाही. जगभर वापरली जाणारी पाच प्रश्नांची एक छोटी चाचणी आहे. उद्या दातांच्या डॉक्टरांकडे जायचं असेल तर कसं वाटेल? बाहेर बाकावर वाट बघताना? दात ड्रिल करणार असतील तेव्हा? दात साफ करणार असतील तेव्हा? हिरडीत इंजेक्शन देणार असतील तेव्हा? प्रत्येकाला ‘अजिबात भीती नाही’ याचा १ आणि ‘प्रचंड भीती’ याचे ५, असे गुण द्यायचे. बेरीज १९ किंवा त्याहून जास्त आली तर भीती तीव्र मानतात. मला मात्र बेरजेपेक्षा ५ गुण कुठे पडले त्यात जास्त रस आहे. कागदावर लिहा आणि तो कागद बरोबर न्या. तोंडाने सांगायचा संकोच वाटत असेल तर तो कागदच तुमच्या वतीने बोलेल.

गुंगीचे, म्हणजे पूर्ण बेशुद्ध न करता माणसाला सैल, सुस्त करण्याचे प्रकार समजून घेताना एक गोष्ट पक्की धरा: गुंगीने भीती कमी होते, दुखणं थांबत नाही. जागेपणी उपचार असोत की गुंगीत, हिरडीत बधिर करण्याचं इंजेक्शन लागतंच. फरक इतकाच की गुंगीत ते टोचल्याचं फारसं काही वाटत नाही.

तुमच्यासाठी मी पहिला विचार नायट्रस ऑक्साइडचा करेन. लोक याला लाफिंग गॅस म्हणतात. नाकावर मऊ मास्क बसवतात, त्यातून ऑक्सिजनबरोबर हा वायू थोडा थोडा वाढवत देतात. दोन-तीन मिनिटांत हातापायांना मुंग्या आल्यासारखं होतं, अंग हलकं आणि ऊबदार वाटतं, आवाज लांबून आल्यासारखे ऐकू येतात. तुम्ही जाग्या असता, बोललेलं समजतं, तोंड उघडा म्हटलं की उघडता, पण ते सगळं आपल्यावर चालून येतंय असं वाटत नाही. यंत्राची रचनाच अशी असते की ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जात नाही, आणि ऑक्सिजन संपला तर वायूही आपोआप बंद होतो. बहुतेकांना ३० ते ५० टक्के नायट्रस पुरतो. जास्त झाला तर मळमळतं, गरगरतं; तसं सांगितलं की डॉक्टर लगेच कमी करतात आणि दोन-चार श्वासांत बरं वाटतं. शेवटी पाचेक मिनिटं नुसता ऑक्सिजन देतात, त्याने गुंगी उतरते. तुमच्या बाबतीत याचे आणखी दोन फायदे दिसतात. एक, उमासे याने बऱ्याच जणांचे कमी होतात. दुसरा, नेहमीच्या प्रमाणात तो श्वासाची लय फारशी मंदावत नाही, म्हणून घोरणाऱ्या माणसाला तो गोळी किंवा शिरेतल्या औषधापेक्षा सुरक्षित पडतो.

अर्थात तो सगळ्यांना चालत नाही. नाक चोंदलेलं असेल तर उपयोग नाही, कारण सगळी मदार नाकाने श्वास घेण्यावर आहे. सर्दी असेल तर तारीख पुढे ढकला. गरोदरपणाचे पहिले तीन महिने, नुकतीच कानाची शस्त्रक्रिया किंवा डोळ्यात वायू भरून केलेली पडद्याची शस्त्रक्रिया, फुप्फुसाचा जुनाट आजार, बी-१२ ची मोठी कमतरता, यांपैकी काही असेल तर आधी सांगायलाच हवं. हा वायू शरीरातलं बी-१२ निकामी करतो. धडधाकट माणसाला एका-दोन वेळच्या उपचाराने त्याचा फरक पडत नाही, पण आधीच कमतरता असलेल्याला पडू शकतो. आणि नाकातोंडाजवळ काही आलं की गुदमरल्यासारखं होतं अशी भीती असेल तर पहिल्या भेटीत मास्क नुसता हातात घेऊन, स्वतः लावून बघा.

गोळीचा मार्ग साधा दिसतो, पण तुमच्यासाठी मला तो आवडत नाही. डायझेपाम, लोराझेपाम यांसारखी गोळी उपचाराच्या तासभर आधी, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत देतात. सौम्य ते मध्यम भीती असलेल्या, एरवी निरोगी माणसाला ती छान उपयोगी पडते. अडचण अशी की गोळी गिळल्यावर तिच्यावर कुणाचाच ताबा राहत नाही. कमी पडली म्हणून दुसरी घेतली आणि दोन्ही एकदम चढल्या, तर काय करणार? डायझेपाम तर शरीरात दिवसापेक्षा जास्त रेंगाळतं.

शिरेतून दिलेली गुंगी याच्या अगदी उलट. हाताच्या शिरेत बारीक सुई बसवून मिडाझोलाम थोडं थोडं देत जातात, तुमच्याकडे बघत, बोलत, आणि हवं तेवढं झालं की थांबतात. काही मिनिटांत डोळे जड होतात. हाक मारली की तुम्ही ओ देता, पण नंतर त्यातलं बहुतेक काही आठवत नाही. दोन तासांचं काम दहा मिनिटांत झाल्यासारखं वाटतं. अवघड दाढ काढायची असेल किंवा भीती टोकाची असेल तर हा फार मोठा आधार आहे. त्याची किंमत म्हणजे देखरेख. बोटाला ऑक्सिजन मोजणारं यंत्र, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, आणि शक्य तिथे श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्रही हवं. औषध उतरवायला फ्लुमाझेनिल तयार हवं. त्याचा परिणाम तासाभरात संपतो आणि आधीची गुंगी परत चढू शकते, म्हणून ते दिलं की लगेच घरी सोडायचं नसतं. हातातल्या सुईची भीती वाटत असेल तर तासभर आधी बधिर करणारं मलम लावतात, किंवा आधी नायट्रस देऊन मग सुई लावतात.

आता घोरण्याबद्दल. नुसतं घोरणं वेगळं. पण झोपेत श्वास मधेच थांबतो आणि मग दचकून धाप लागल्यासारखा सुरू होतो असं घरच्यांनी पाहिलंय का? सकाळी डोकं जड असतं का, दिवसा बसल्या जागी डुलकी लागते का, रक्तदाब वाढलेला आहे का? यांतल्या दोन-तीन गोष्टी होत असतील तर झोपेत श्वास अडण्याचा विकार असू शकतो. अशा माणसाचा घसा गुंगीत लवकर मिटतो. गोळी आणि शिरेतलं औषध इथे धोक्याचं होतं. तुम्हाला शिरेतून गुंगी घ्यायचीच असेल तर आधी याची तपासणी करून घ्या, आणि मग ती रुग्णालयात, भूलतज्ज्ञ हजर असताना घ्या. दातांच्या डॉक्टरांनीच एका हाताने गुंगी द्यायची आणि दुसऱ्या हाताने दाढ काढायची, हे तुमच्या बाबतीत मला मान्य नाही.

पूर्ण भूल देऊन सगळं एकदाच, ही तुमची इच्छा मला समजते. अगदी लहान मुलं, समजून सहकार्य करू न शकणाऱ्या व्यक्ती, खूप मोठं काम, किंवा दुसरं काहीच चाललं नाही, तिथे ती योग्यच असते. पण त्यात बेशुद्ध करून सहसा श्वासनलिकेत नळी घालावी लागते. एका दाढेच्या रूट कॅनालसाठी आणि एक दाढ काढण्यासाठी तो धोका पत्करावा असं मला वाटत नाही. शिवाय पू झालेल्या दाढेचं रूट कॅनाल कधी कधी एका बैठकीत संपत नाही. मधे औषध भरून ठेवावं लागतं, नंतर कॅप बसवायची असते. दर वेळी तुम्हाला बेशुद्ध करणार का?

माझा सल्ला असा. आधी एक भेट फक्त बोलण्यासाठी मागा. खुर्चीवर झोपायचंही नाही, साध्या खुर्चीत बसून बोलायचं. त्या भेटीत थांबण्याची खूण ठरवा: तुम्ही डावा हात वर केला की डॉक्टरांचा हात तोंडाबाहेर. कारण विचारायचं नाही, ‘एकच मिनिट’ म्हणायचं नाही. तुमच्यावर लहानपणी जे झालं त्यावर माझ्या मते कुठल्याही औषधापेक्षा याचा उतारा जास्त. खुर्ची पूर्ण आडवी न करता अर्धी झुकवून काम करता येतं, तेही विचारा. उमाशांसाठी तोंडात फिल्म न घालता बाहेरून निघणारा मोठा एक्स-रे बऱ्याचदा पुरतो. रूट कॅनालमध्ये दाढेभोवती रबराचा पातळ पडदा लावतात, त्याने पाणी आणि औषध घशात जात नाही. उमासे येणाऱ्या कित्येकांना उलट त्यानेच बरं वाटतं. मग पहिलं काम नायट्रसवर करून बघा. तेवढ्याने भागलं नाही तरच पुढची पायरी.

गुंगी देणाऱ्या ठिकाणी काही प्रश्न न संकोचता विचारा. गुंगी कोण देणार, आणि त्यांनी त्याचं प्रशिक्षण घेतलंय का? उपचार चालू असताना माझ्या श्वासावर लक्ष ठेवायला वेगळा माणूस असेल का? खोलीत सतत दुसरी प्रशिक्षित व्यक्ती असेल का? ऑक्सिजन आणि श्वास देण्याची साधनं हाताशी आहेत का? गुंगी देण्याची परवानगी कुणाला, याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, पण या प्रश्नांची उत्तरं कुठेही सरळ मिळायला हवीत. कुणी उडवून लावलं तर उठून या.

उपाशी राहण्याबद्दल: नुसत्या नायट्रससाठी सहसा उपास लागत नाही, हलकं खाऊन जा. शिरेतून किंवा पूर्ण भूल असेल तर सहसा सहा तास आधीपासून अन्न बंद आणि दोन तास आधीपासून पाणीही बंद. तुम्हाला लेखी सूचना देतील त्या पाळा. थायरॉइडची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का, हे विचारून घ्या. वजन कमी करण्याचं सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन चालू असेल तर ते आवर्जून सांगा, त्याने पोट उशिरा रिकामं होतं. गोळीची किंवा शिरेतून दिलेली गुंगी घेतल्यावर घरी न्यायला आणि रात्रभर जवळ राहायला जबाबदार माणूस हवाच. २४ तास गाडी चालवायची नाही, मद्य नाही, महत्त्वाच्या कागदांवर सह्या नाहीत. तुम्हाला अगदी ठणठणीत वाटलं तरी.

गुंगीची एक मर्यादाही सांगते. जे आठवत नाही त्यातून मन काही शिकत नाही, म्हणून शिरेतल्या गुंगीत दहा दाढा झाल्या तरी अकराव्या वेळी भीती तितकीच राहू शकते. भीतीच कमी व्हावी असं वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे थोड्या बैठकांत होणारा विचार-वर्तन उपचार करून बघा, त्याचा परिणाम जास्त टिकतो. आत्ता दाढ निस्तरू दे. पुढे कधीतरी नुसती साफसफाई, कसलीही गुंगी न घेता, ठरवलेली खूण वापरत करून बघा.

हे सगळं मात्र पुढे ढकलत राहू नका. सूज औषधांनी उतरली आहे, दाढेतला जंतुसंसर्ग गेलेला नाही. तो परत उसळणार. पुन्हा सूज येऊन ती जबड्याखाली किंवा गळ्याकडे पसरायला लागली, ताप आला, तोंड उघडेना, गिळताना त्रास झाला किंवा श्वास लागला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच तासाला रुग्णालयात जा.

फोनवर बोलणं जड जाणार असेल तर एवढाच मजकूर दवाखान्याला पाठवा: ‘मला दातांच्या उपचाराची तीव्र भीती आहे. लहानपणी बधिर न होता दाढ काढली गेली होती. एका दाढेचं रूट कॅनाल आणि एक दाढ काढणं बाकी आहे. मला थायरॉइडची गोळी चालू आहे आणि मी झोपेत घोरते. पहिली भेट फक्त बोलण्यासाठी हवी. तुमच्याकडे नायट्रस ऑक्साइडची सोय आहे का?’ उत्तर कसं येतं त्यावरून तो दवाखाना तुमच्यासाठी आहे की नाही हे तुम्हाला कळेल.